फोटोसिस्टिम २ ची लहान प्रथिने मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या यादीत का येत नाहीत?

शैवालिका: नमस्कार. सिनेकोसिस्टिस ६८०३ या प्रकाशसंश्लेषी जीवाणूची थायलाकॉइड पटले (प्रकाशसंश्लेषण जिथे होते ती) डोडेसिल माल्टोसाइड या सौम्य डिटर्जंटमध्ये विरघळवून, प्रथिन-संकुले न तोडता आकारानुसार वेगळी करणाऱ्या ब्लू नेटिव्ह जेलवर चालवली. सर्वांत वरचा गडद हिरवा पट्टा फोटोसिस्टिम १ या प्रकाश शोषणाऱ्या संकुलाच्या त्रिकाचा (तीन प्रती एकत्र) आहे. त्याखालचा पट्टा फोटोसिस्टिम २ चा, म्हणजे पाणी फोडून ऑक्सिजन सोडणाऱ्या संकुलाचा, समजून कापला आणि ट्रिप्सिन या प्रथिने कापणाऱ्या विकराने पचवून मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी (तुकड्यांच्या वस्तुमानावरून प्रथिने ओळखण्यासाठी) दिला. त्याची मोठी प्रथिने सीपी४७, सीपी४३, डी१ आणि डी२ सापडली. मात्र पीएसबी-आय, पीएसबी-एल, पीएसबी-टी या लहान प्रथिनांपैकी एकही नाही, आणि फायकोसायनिन या निळ्या रंगीत प्रथिनाच्या दोन्ही साखळ्या यादीत अगदी वर आहेत. संकुल विरघळवतानाच तुटले असेल का?

पटलवाचक: एवढ्यावरून संकुल तुटले असे म्हणता येणार नाही. आपण नोंदवलेली तिन्ही प्रथिने जेमतेम तीस-चाळीस अमिनो आम्लांची असून प्रत्येकाचे एकच हेलिक्स (मळसूत्री भाग) पटलातून आरपार जाते. ट्रिप्सिन लायसिन व आर्जिनिननंतर कापते आणि ही आम्ले बहुधा पटलाबाहेरच्या टोकांनाच असतात, त्यामुळे मधला लांब, जलविरोधी तुकडा अखंड राहून जेलमध्ये किंवा तुकडे वेगळे करणाऱ्या क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभात अडकतो. दुसऱ्या मितीत, म्हणजे कापलेली पट्टी आडवी ठेवून, लहान प्रथिने वेगळी करणारे ट्रायसिन जेल चालवावे, आणि शक्य असल्यास न पचवलेल्या प्रथिनांचे अखंड वस्तुमान मोजावे. तसे करताना, यांपैकी काहींच्या सुरुवातीचे फॉर्मिल मेथिओनिन (फॉर्मिल गट जोडलेले पहिले अमिनो आम्ल) तसेच टिकून असते, हे ध्यानात ठेवावे. फॉर्मिल गटामुळे पडणारा २८ डाल्टनचा (वस्तुमानाचे एकक) हा फरक गृहीत धरला नाही, तर माहितीसाठ्याशी जुळणी होत नाही.

नीलकण: फायकोसायनिन हा संकुलाचा घटक नव्हे. ते ज्यात असते ते फायकोबिलिसोम (प्रकाश गोळा करणारे प्रथिनांचे पुंजके) पटलाच्या बाहेरील पृष्ठावर बसतात आणि कमी क्षारतेच्या बफरमध्ये सुटे होतात, म्हणून वरचा द्रव निळा दिसेनासा होईपर्यंत पटले धुवावीत. फोटोसिस्टिम १ चा एकक (सुटी प्रत) आणि फोटोसिस्टिम २ चा द्विक (दोन प्रतींची जोडी) जेलवर जवळजवळ येतात, तेव्हा कापलेल्या पट्ट्याचे ७७ केल्विनला प्रतिदीप्ती मापन (प्रकाश शोषून परत सोडलेल्या प्रकाशाचे मापन) केलेले बरे: ६८५ व ६९५ नॅनोमीटरची शिखरे फोटोसिस्टिम २ ची, तर ७२० च्या पुढचे फोटोसिस्टिम १ चे.

मात्र यादीतले प्रत्येक अनपेक्षित प्रथिन भेसळच असते असे नाही. २००२ साली याच जीवाणूत सीपी४७ ला हिस्टिडीन शेपटी (शुद्धीकरणात पकडण्यासाठीची खूण) जोडून शुद्ध केलेल्या फोटोसिस्टिम २ च्या नमुन्यात पीएसबी-क्यूसारखे प्रथिन सापडले. थर्मोसिनेकोकॉकस व्हल्कॅनस या दुसऱ्या प्रकाशसंश्लेषी जीवाणूच्या फोटोसिस्टिम २ च्या १.९ अँगस्ट्रॉम विभेदनाच्या, २०११ सालच्या स्फटिक रचनेत मात्र ते नाही. शुद्धीकरणात काय गळून पडेल हे पद्धतीवर ठरते, त्यामुळे केवळ स्फटिकात नाही म्हणून एखाद्या प्रथिनाला आगंतुक ठरवणे मला पटत नाही.

शैवालिका: आभारी आहे. यादीत पीएसबी-२७ सुद्धा आहे; तेही भेसळ समजावे का?

पटलवाचक: नाही. ते जुळणीच्या आणि दुरुस्तीच्या टप्प्यावरील, अद्याप ऑक्सिजन न सोडणाऱ्या संकुलाला चिकटलेले असते. त्याच्यासोबत पीएसबी-२८ हे जुळणीतलेच दुसरे प्रथिन आणि सीपी४३ नसलेले संकुलही मिळते का, हे एककाच्या आणि त्याखालच्या पट्ट्यांत तपासून पाहावे.