सागा नोरेनचा शेवटचा फोन: 'द ब्रिज' संपल्यावरचे तुमचे अनुभव सांगा (स्पॉयलर आहेत!)

काल रात्री दीड वाजता 'द ब्रिज'चा शेवटचा भाग संपला आणि मी पंधरा मिनिटं नुसती बसून होते, टीव्ही बंद करायचंही सुचलं नाही. घरातले सगळे झोपलेले, बोलणार कुणाशी, म्हणून हा धागा काढतेय. मूळची स्वीडिश-डॅनिश मालिका, २०११ ला सुरू झाली आणि २०१८ ला चौथ्या सीझनला संपली. मालमो आणि कोपनहेगनला जोडणाऱ्या ओरेसुंड पुलावर बरोब्बर हद्दीच्या रेषेवर प्रेत सापडतं, कमरेच्या वरचं शरीर एका बाईचं, खालचं दुसऱ्या बाईचं, एक स्वीडनची आणि एक डेन्मार्कची, म्हणून दोन्हीकडचे पोलीस एकत्र. हे बऱ्याच जणांना माहीत असेल. मला बोलायचंय ते शेवटाबद्दल.

चार सीझन सागा, मालिकेतली स्वीडिश पोलीस, फोन उचलते तो एकाच पद्धतीनं. "सागा नोरेन, लेन्सक्रिम, मालमो." म्हणजे नाव, गुन्हे शाखा, गाव. वेळ कुठलीही असो, यात बदल नाही. आणि अगदी शेवटी ती पुलावर गाडी थांबवते, पोलिसाचं ओळखपत्र खाली पाण्यात भिरकावते, गाडीत येऊन बसते, फोन वाजतो आणि ती फक्त "सागा नोरेन" एवढंच म्हणते. बास. मी रडले, पण फार बरं वाटून रडले. तिच्या धाकट्या बहिणीनं, जेनिफरनं, रेल्वेखाली जीव दिलेला, आईपासून सोडवून आणलं तरी ती वाचली नाही हे ओझं सागानं किती वर्षं वाहिलं, आणि या सीझनमध्ये थेरपिस्टसमोर बसून बसून तिला उमगतं की आपण पोलिसात आलो तेच या अपराधीपणापायी. म्हणून ते ओळखपत्र पाण्यात गेलं ना, तेव्हा माझ्याच छातीवरचा दगड उतरला.

नॉर्डिक क्राइम मालिकांपैकी ज्यांना कुठलाही शेवट मनापासून पटला असेल त्यांनी लिहा प्लीज, आणि का पटला तेही लिहा.

मालमोकर:
धागा वाचून लगेच लिहितोय. मी नऊ वर्षं मालमोत राहतो, ऑफिस कोपनहेगनला, त्यामुळे हा पूल माझ्या रोजच्या येण्याजाण्यातला. वरून गाड्या, खालून ट्रेन. साधारण आठ किलोमीटर पूल, मग पेबरहोम हे बांधून काढलेलं बेट, आणि तिथून पुढे चार किलोमीटर समुद्राखालचा बोगदा, तो संपतो विमानतळाजवळ. पूल २००० साली उघडला, आणि इथले जुने लोक सांगतात की तेव्हा आता हद्द उरलीच नाही असं वाटायचं. मग २०१६ च्या जानेवारीत स्वीडननं ओळखपत्र तपासणी सुरू केली. थंडीत, कास्ट्रुपच्या, म्हणजे विमानतळाच्या स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर, हातमोजा काढून पासपोर्ट धरून उभं राहायचं, संध्याकाळी दमून घरी जाताना, रोज. चौथ्या सीझनचा पहिला खून डेन्मार्कच्या इमिग्रेशन खात्याच्या प्रमुख बाईंचा आहे, तो पण पुलाखाली, तो भाग बघताना माझ्या पोटात गोळा आला होता कारण आमच्या घरात तेव्हा परमिटची कागदपत्रं टेबलावरच पडलेली असायची. खऱ्या पुलावर मध्येच गाडी थांबवायला मनाई आहे. पण सागा थांबवते आणि ते मला पूर्ण खरं वाटलं. आता ट्रेन पुलाच्या मधल्या उंच खांबांखाली आली की मी पुस्तकातून मान वर करतोच.

निळी छत्री:
माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. मालिकेत सागाबद्दल हा शब्द एकदाही कुणी उच्चारत नाही हे किती जणांच्या लक्षात आलं माहीत नाही, पण मी पहिल्याच सीझनला ओळखलं, ऑफिसात सगळ्यांसमोर ती सरळ टीशर्ट बदलते तेव्हा. पहिल्या भागात हृदयाच्या पेशंटची अँब्युलन्स ती पुलावर अडवते कारण घटनास्थळ बंद आहे, तिचा डॅनिश जोडीदार पोलीस मार्टिन सोडतो, तर ती म्हणते मी तुझी तक्रार करणार. मला काही ते विचित्र वाटलं नाही, आमच्या घरात हे रोज असतं. माझ्या मुलानं परीक्षेत जवळच्या मित्राला कॉपी करताना पाहिलं आणि बाईंना जाऊन सांगितलं, कारण नियम तसा आहे. त्यानंतर वर्गात त्याच्याशी बोलणं बंद. तो मला विचारायचा, आई मी खोटं बोललो का? नाही ना रे बाळा.

म्हणून दुसऱ्या सीझनचा शेवट मला बघवला नव्हता. मार्टिननं मुलाच्या खुन्याला जेलमध्ये विष घातलं हे सागाला कळतं आणि ती आपल्या एकुलत्या एक मित्राला पकडून देते. मला शेवटाची फार धास्ती होती, वाटायचं आता हिला "बरी" करणार, हसतमुख करणार, लग्न लावणार. तसं केलं नाही त्यांनी. ती शेवटपर्यंत तशीच बोलते, तशीच बघते. मार्टिननंतरचा तिचा डॅनिश जोडीदार हेन्रिक, त्याची एक मुलगी गेलेली कळते, दुसरी जिवंत सापडते, सागा त्या मुलीशीही आपल्याच पद्धतीनं वागते. फक्त तिच्या मनावरचा भार उतरलेला असतो. माझ्या लेकराचं पुढे असंच व्हावं, दुसरं काही मागणं नाही.

कोकणकडा:
वरच्या प्रतिसादाला काय लिहू, ताई, तुम्हाला नमस्कार.

माझं मत थोडं वेगळं. मार्टिन परत आला नाही याची चुटपुट मला आजही आहे, दोन सीझन त्या दोघांवर उभे होते, निदान एक भेट हवी होती. तरी 'द किलिंग' या डॅनिश मालिकेच्या मानानं 'द ब्रिज'चा शेवट कितीतरी चांगला. २०१२ चा तिसरा सीझन आठवा, त्यातल्या पोलीस सारा लुंडला गुन्हेगार कोण ते समजलंय, हातात पुरावा नाही, ती त्याला गोळी घालते आणि विमानात बसून देश सोडून जाते. नुकती कुठे पोराशी तिची गाठ सांधायला लागली होती हो. मला ते बघून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

दुपारचा चहा:
मी वालँडरबद्दल लिहिते. क्रिस्टर हेन्रिकसननं केलेला स्वीडिश मालिकेतला वालँडर, इस्टाड गावचा पोलीस, शेवटचा सीझन २०१३ चा. त्याला अल्झायमर होतो. मुलगी लिंडा, ती पण पोलीसच. आम्ही हे बघितलं तेव्हा माझे बाबा नुकते नावं विसरायला लागले होते, किल्ल्या फ्रीजमध्ये सापडायच्या. वालँडर गाडीत बसतो आणि कुठे निघालो तेच आठवत नाही हे बघताना मी आणि आई एकमेकींकडे बघत नव्हतो. समाधानकारक म्हणावं का याला? मी म्हणते हो. कुणी त्याला गोळी घालून हिरो केलं नाही.

जुनी वर्दी:
मी ३४ वर्षं पोलीस खात्यात होते, त्यातली बरीच वर्षं ठाणे अंमलदार म्हणून फोनपाशी गेली. फोन उचलला की पोलीस ठाण्याचं नाव, मग "ठाणे अंमलदार बोलतेय". ५८ ला निवृत्त झाले. बेल्ट, शिट्टी, ओळखपत्र सगळं जमा केलं, ना-देय प्रमाणपत्र घेतलं, ओळखपत्र त्या खाकी पाकिटात टाकताना कारकुनानं वरही बघितलं नाही. त्यानंतर घरी पहिला फोन आला तो लेकीचा, आणि तोंडातून ठाण्याचंच नाव निघालं. ती पलीकडे गप्प झाली. सहा-सात महिने असंच चाललं होतं, मग एक दिवस आपोआप "हां, बोल गं" आलं आणि ती म्हणाली, आई, आज आलीस तू घरी. सागा नुसतं नाव सांगते तो सीन मी रिमोटनं मागे नेऊन चार वेळा बघितला, नटीच्या, सोफिया हेलिनच्या, चेहऱ्यावर किती थोडं हलतं बघा. ज्यानं लिहिलं त्याला वर्दी कळलेली आहे.

पहाटगाणी:
सगळे स्पॉयलर वाचून बसले आता! तरी बघावी का?

धागाकर्ती:
बघाच. १०, १०, १० आणि ८, असे एकूण ३८ भाग आहेत. डब केलेली नको, सबटायटल्स लावा, कारण सागा स्वीडिशमध्ये बोलते, मार्टिन डॅनिशमध्ये उत्तर देतो, आणि डबमध्ये ती सगळी मजा जाते. पहिल्या भागात पुलावरचे दिवे जातात तिथपासून फोन बाजूला ठेवा. @जुनी वर्दी, ताई, तुमचा प्रतिसाद आत्ता नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवला.