परग्रहावरच्या म्हणी: क्लिंगॉन खऱ्या वाटतात की टॅमेरियन?

निशाचर:
'स्टार ट्रेक' या अंतराळ मालिकेतल्या क्लिंगॉन या लढवय्या परग्रहवासीयांच्या म्हणींचं एवढं कौतुक होतं, पण मला त्या उसन्या वाटतात. सूड थंड करून वाढावा, ही म्हण १९८२च्या 'स्टार ट्रेक' सिनेमात खलनायक खान क्लिंगॉनांच्या नावावर खपवतो. इंग्रजीत ती आधीपासून होती. 'मरायला आजचा दिवस चांगला' ही त्यांची दुसरी म्हण तर अमेरिकेतल्या लाकोटा या मूळनिवासी योद्ध्यांची म्हणून सांगितली जाते.

याउलट मालिकेचा १९९१चा 'डार्मॉक' हा भाग बघा. त्यातले टॅमेरियन हे परग्रहवासी सरळ बोलतच नाहीत, सगळं आपल्या कथांच्या दाखल्यांनी. एका ग्रहावर रात्री मालिकेचा नायक कॅप्टन पिकार्ड याला शेकोटी पेटवता येत नाही, तेव्हा टॅमेरियनांचा कॅप्टन डेथॉन जळतं लाकूड त्याच्याकडे फेकतो आणि म्हणतो, 'टेम्बा, हात पसरलेले.' म्हणजे, घे, तुला दिलं. टेम्बा कोण ते शेवटपर्यंत कळत नाही, तरी त्याच्या मागे पिढ्यानपिढ्या सांगितलेली गोष्ट आहे हे जाणवतं. परक्या संस्कृतीची म्हण अशी हवी.

रानवारा:
अजिबात पटलं नाही. तो भाग बघताना गळा दाटतो, मान्य. पण या भाषेत यान बांधून दाखवा! 'तो बोल्ट अर्धा फेरा उलटा फिरव' हे कुठल्या कथेतून सांगणार? आणि टेम्बाची गोष्ट आई पोराला पहिल्यांदा सांगते ती कुठल्या भाषेत?

क्लिंगॉनचं तसं नाही. मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने तिचं व्याकरण रचलं, १९८५मध्ये कोश आला. भेटल्यावर हे लोक 'काय हवंय?' एवढंच विचारतात. नमस्कार नाही, खुशाली नाही. एवढ्यावरून अख्खा समाज कळतो. राहिला उसनेपणा. पंचतंत्रातल्या गोष्टी अरबीत 'कलीला व दिम्ना' झाल्या, म्हणून त्या अरबांच्या नाहीत का?

सोनचाफा:
आईच्या मुद्द्यावर बोलते. आपल्याकडे निवडणुकीत एखाद्या पक्षाचं 'पानिपत झालं' म्हणणाऱ्या शाळकरी पोराला १७६१ किंवा सदाशिवरावभाऊ ठाऊक असतातच असं नाही. मोठ्यांचे चेहरे, आवाज आणि प्रसंग बघून त्याने ते उचललेलं असतं. 'ध चा मा' तसंच. टॅमेरियन पोरं अशीच शिकत असतील, गोष्ट मागाहून कळत असेल.

रानवारा:
पण 'पानिपत झालं' यात 'झालं' आहेच की! शिवाय तेच पोर 'ते हरले' असंही म्हणू शकतं. टॅमेरियनांना ती सोय नाही. आणि अपयशासाठी ते 'शाका, भिंती पडल्या तेव्हा' म्हणतात. म्हणजे भिंत, पडणं, तेव्हा, हे शब्द त्यांच्याकडे आहेतच. मग साधं वाक्य का होत नाही? लेखकांनी हे अर्धवट सोडलंय.

निशाचर:
शब्द आहेत, तसे वापरायची रीत नाही. बोल्टचं उत्तर माझ्याकडेही नाही. पण म्हण जन्मते कशी, हे दुसऱ्या कुठल्या मालिकेत एवढं नीट दाखवलंय? त्या ग्रहावरच्या श्वापदाशी झुंजून डेथॉन मरायला टेकलाय, पिकार्ड त्याला प्राचीन मेसोपोटेमियाच्या महाकाव्यातल्या गिल्गमेश आणि एन्किडू या मित्रांची गोष्ट सांगतो. पुढे डेथॉनचा सहकारी म्हणतो, 'पिकार्ड आणि डेथॉन, एल-एड्रेलवर.' एल-एड्रेल म्हणजे तोच ग्रह. दोन दिवसांपूर्वी हा दाखला त्यांच्याकडे नव्हता, आता आहे. क्लिंगॉन म्हण अशी घडताना मी कधी पाहिली नाही, ती आयतीच येते.

रानवारा:
घडताना पडद्यावर नसेल दिसली. पण क्लिंगॉन शिकून लोक आपसांत बोलतात, 'हॅम्लेट'चा अनुवादही झाला आहे. त्या भाषेत उद्या कुणीही नवी म्हण रचू शकतो आणि ती बरोबर की चूक हे व्याकरणावरून ठरवता येतं. टॅमेरियन मात्र त्या भागातल्या मोजक्या ओळींपुढे कुणाला नेता येत नाही, कारण कथाच आपल्याला दिलेल्या नाहीत.