मदत हवी आहे: मालिकेवरच्या कॉमिक्सचं परीक्षण कसं लिहावं?

सुपरमॅनच्या तरुणपणावरची 'स्मॉलव्हिल' ही टीव्ही मालिका २०११ मध्ये दहाव्या सीझनला संपली. पुढची गोष्ट डीसी या कॉमिक्स प्रकाशनसंस्थेने २०१२ पासून 'सीझन इलेव्हन' या कॉमिक्समधून सांगितली. लेखक ब्रायन क्यू. मिलर मालिकेच्याच लेखकांपैकी, त्यामुळे क्लार्क (म्हणजेच सुपरमॅन) आणि त्याची जोडीदार लोइस यांचे संवाद वाचताना आवाजासकट ऐकू येतात! माझं घोडं अडतं ते चित्रांपाशी. चेहरा हुबेहूब नटासारखा काढला की हालचाल ताठर वाटते, मोकळ्या हाताने काढला की ओळख पटत नाही. मग दाद कशाला द्यायची?

शिवाय मालिका न पाहिलेल्यांसाठी मागचं किती सांगावं? हे भाग आधी डिजिटल, छोट्या तुकड्यांत आले, नंतर छापील अंकांत. परीक्षण तुकड्याचं करावं की अख्ख्या कथानकाचं? मला कथानकाचं पटतं. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगा.