प्राचार्यपदासाठी महिला प्राध्यापक अर्ज का करत नाहीत?

प्रश्न : सहयोगी प्राध्यापक, कोल्हापूर
आमच्या महाविद्यालयात प्राचार्यपदाची जाहिरात निघाली आहे. पीएच.डी., १५ वर्षांचा अनुभव, किमान १० शोधनिबंध आणि ११० संशोधन गुण या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीतील अटी आम्ही तिघी जणी पूर्ण करतो, तरीही एकीनेही अर्ज केलेला नाही. शाहू महाराजांनी ज्या कोल्हापुरात रखमाबाई केळवकरांकडे स्त्रीशिक्षणाची जबाबदारी सोपवली, तिथे आजही आम्ही ‘आपल्याला जमेल का’ इथेच का अडखळतो?

उत्तर : निवृत्त प्राचार्या
मॅडम, ही शंका कामाच्या वाटपातून येते. जूनमध्ये समित्यांची यादी लागते तेव्हा खरेदी, बांधकाम आणि परीक्षा पुरुष सहकाऱ्यांकडे जातात. स्नेहसंमेलन आणि पाहुण्यांचे स्वागत आपल्याकडे येते. नॅकचा, म्हणजे महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या संस्थेसाठीचा, स्वयंमूल्यमापन अहवालही आपणच रात्री जागून लिहितो, पण निविदा कशा उघडायच्या, बिंदुनामावली (पदांच्या आरक्षणाची नोंदवही) कशी तपासून घ्यायची, उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात अडकलेला प्रस्ताव कसा मार्गी लावायचा, हे आपल्या हाताखालून कधी जातच नाही आणि मुलाखतीत नेमके तेच विचारले जाते. माझ्या बाबतीत प्रभारी प्राचार्यपद अचानक अंगावर आले, म्हणून मी ते शिकले. अर्ज जरूर करा, आणि पुढच्या जूनमध्ये खरेदी समिती लेखी मागून घ्या.

उत्तर : वाणिज्य विभागप्रमुख, सांगली
बदलीचाही विचार व्हावा. अनेक महाविद्यालये चालवणाऱ्या संस्थांत प्राचार्यपद बहुधा दुसऱ्या गावी मिळते. मुलगी बारावीत असताना मी बदलीच्या गावी बिनघोर रुजू झालो, कारण घर पत्नीने सांभाळले. तीही प्राध्यापक आहे, पण तिला तशी संधी आली असती तर घरात कोणी ‘जा’ म्हटले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर
सर, मॅडम, आभार. वरच्या पदांचे गणितही यातूनच उलगडते. कुलगुरुपदासाठी प्रोफेसर (सहयोगी प्राध्यापकाच्या वरचे पद) म्हणून १० वर्षे लागतात, त्यामुळे मधली वर्षे घरासाठी गेली की ती अट वयाच्या पन्नाशीपुढे ढकलली जाते. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाला डॉ. स्नेहलता देशमुख यांच्या रूपाने पहिल्या महिला कुलगुरू मिळाल्या त्या थेट १९९५ मध्ये. प्राचार्यपदाच्या उमेदवारांत महिला असेल आणि निवड समितीत राखीव, अल्पसंख्य, महिला वा दिव्यांग घटकांपैकी कोणीच नसेल, तर कुलगुरूंनी तसा एक प्रतिनिधी नेमावा, अशी तरतूद नियमावलीत आहे. पण अर्जच नसेल तर तिचा उपयोग काय? आम्ही तिघीही अर्ज भरत आहोत.