बीसीएम बदलायचं आहे, जुनं मागवू का?

प्रेषक: मुग्धा, नोव्हाय

नमस्कार मंडळी,
आपल्या डेट्रॉइटकडच्या मंडळाच्या या ईमेल लिस्टवरची अर्धी माणसं गाड्यांच्याच धंद्यात आहेत, म्हणून इथे विचारते. आमची २०१३ ची सेडान थंडी सुरू झाल्यापासून अंगात आल्यासारखी वागतेय. उभी असताना वायपर आपोआप फिरतात, रात्री दारांची लॉकं खटाखट उघडमीट करतात, आतला दिवा विझत नाही आणि सकाळी बॅटरी बसलेली. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, यू०१४० असा कोड आला. म्हणाला, बॉडी कंट्रोल मॉड्यूल (बीसीएम, म्हणजे दिवे, लॉकं, वायपर सांभाळणारा कॉम्प्युटरचा डबा) गेलंय, प्रोग्रॅमिंग धरून चौदाशे डॉलर. तसंच जुनं मॉड्यूल ऑनलाइन साठ डॉलरला दिसतंय. नवरा म्हणतो, दोन स्क्रू आणि चार कनेक्टर तर आहेत, घरीच बसवू. मागवू का?

प्रेषक: अविनाशकाका, ट्रॉय

मागव की! जंकयार्डमधून अल्टरनेटर, स्टार्टर, रेडिएटर काय काय आणून मी ड्राइव्हवेत बसवलंय. चौदाशे म्हणजे निव्वळ लूट.

प्रेषक: केदार, फार्मिंग्टन हिल्स

मुग्धा, थांब जरा. काका, अल्टरनेटरला आपण कोणाच्या गाडीत आहोत याच्याशी काही देणंघेणं नसतं. बीसीएमला असतं. गाडीचा १७ अक्षरी ओळखक्रमांक म्हणजे व्हिन, गाडीत कुठली ऑप्शन्स आहेत ते, बऱ्याच मॉडेल्समध्ये किल्ल्यांची ओळख आणि काहींत मैलांचा आकडासुद्धा त्याच्या मेमरीत असतो. दुसऱ्याच्या गाडीतलं काढून नुसतं खोचलं तर चोरी रोखणारा इमोबिलायझर किल्ली ओळखणार नाही, आणि आज निदान सुरू होणारी गाडी दारात अडकून पडेल. काही कंपन्यांच्या मॉड्यूलमध्ये तर एकदा व्हिन लिहिला की तो पुन्हा बदलताच येत नाही.

पण त्याआधी एक. ते गेलंय हे ठरवलं कशावरून? यू०१४० चा अर्थ एवढाच, की बाकीच्या मॉड्यूल्सचा बीसीएमशी संपर्क तुटलाय. त्याला वीज मिळत नसेल, अर्थिंग सुटलं असेल, वायर तुटली असेल, तरी हाच कोड येणार. माझं रोजचं काम याच डब्यांचं टेस्टिंग. ‘खराब’ म्हणून परत आलेली बरीच मॉड्यूल्स टेबलावर लावली की ठणठणीत चालतात. कोड वाचून पार्ट बदलणं म्हणजे निदान नव्हे, आणि तुमच्या गॅरेजवाल्याने मीटर हातात घेतलेला दिसत नाही.

आधी बॅटरी. चार्ज करून काही तास ठेवल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवी. व्होल्टेज पडलं की मॉड्यूल्स वाट्टेल ते करतात. मग बीसीएमचे फ्यूज आणि अर्थिंग. त्यानंतर बॅटरी सोडवून स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लावतात) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. मॉड्यूल्स ज्या दोन वायरींवरून आपापसात बोलतात त्या कॅन बसच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर समांतर जोडलेला असतो, म्हणून दोन्ही मिळून ६० दिसायला हवा. १२० दिसला तर कुठेतरी वायर तुटलीय किंवा कनेक्टर सुटलाय, शून्याच्या जवळ असेल तर शॉर्ट. (बॉशने हे कॅन पहिल्यांदा जगासमोर मांडलं ते फेब्रुवारी १९८६ मध्ये, एसएई या वाहन-इंजिनिअरांच्या संस्थेच्या अधिवेशनात, इथे आपल्या डेट्रॉइटमध्येच.)

आणि कनेक्टर काढून नीट बघा. तुमची गाडी त्यातली नाही, पण २०१४ मध्ये जनरल मोटर्सने जुन्या मालिबू, पाँटिअॅक जी६ आणि सॅटर्न ऑरा मिळून सुमारे २४ लाख गाड्या ब्रेकलाइटच्या तक्रारीवरून परत बोलावल्या. दोष होता बीसीएमच्या कनेक्टरमध्ये. बारीक थरथरीने पिना झिजून गंजत होत्या. इलाज म्हणून मॉड्यूल बदललं नाही, कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भरून वायरिंग पक्कं बसवलं. तुमच्या गाडीवर असा काही रिकॉल आहे का, ते एनएचटीएसए या सरकारी रस्तासुरक्षा खात्याच्या साइटवर व्हिन टाकून फुकटात कळेल.

ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेटही जोरात दाबून बघ, ओलं लागतंय का.

प्रेषक: मंडळाच्या सचिव

चर्चा चालू द्या, फक्त संक्रांतीच्या जेवणाचे आकडे या धाग्यात पाठवू नका, हरवतात. गुळाच्या पोळ्यांची ऑर्डर त्यावरच ठरणार आहे.

प्रेषक: मुग्धा

केदारदादा, कार्पेट पिळून काढण्याइतकं ओलं! सनरूफच्या ड्रेनच्या नळीत मेपलची पानं कुजून बूच बसलं होतं. टपावरचा बर्फ वितळला की पाणी खांबातून थेट डॅशखाली. बॅटरी आणि फ्यूज ठीक आहेत, ओहम ६० च आले. बीसीएमचा कनेक्टर मात्र हिरवागार, आणि झाकण काढलं तर आत बोर्डावरही हिरवं-पांढरं. आता तरी बदलायचं ना?

प्रेषक: केदार

आता हो. बोर्डाच्या आत पाणी शिरलं की साफ करून थोडे दिवस चालेलही, पण बीसीएमकडे बाहेरचे दिवेही असतात. भर आय-९६ हायवेवर ते गेले तर काय करणार?

पण आधी ड्रेन मोकळा करा, कार्पेट खालच्या फोमसकट वाळवा, नाहीतर नवं मॉड्यूलही त्याच वाटेने जाईल. कनेक्टरच्या पिना काळ्या पडल्या असतील तर त्या बदलून घ्या. मॉड्यूल काढायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून काही मिनिटं थांबायचं, कारण डॅशखाली एअरबॅगचं वायरिंग असतं.

मार्ग दोन. नवं मॉड्यूल घेतलंत तर डीलरकडून व्हिन सांगून बरोबर पार्ट नंबरचंच घ्या. कंपनीचं सॉफ्टवेअर थोड्या दिवसांच्या वर्गणीवर मिळतं, ते जे२५३४ प्रमाणाच्या, लॅपटॉप गाडीला जोडणाऱ्या यंत्रातून गाडीत भरतात. किल्ल्यांचे सिक्युरिटी कोड मात्र वाटेल त्याला मिळत नाहीत, त्यासाठी नॅस्टफ या संस्थेकडे नोंदणी असलेला लॉकस्मिथ किंवा टेक्निशियन लागतो. दुसरा मार्ग क्लोनिंगचा. त्याच पार्ट नंबरच्या जुन्या मॉड्यूलमध्ये तुमच्या मेमरीतला डेटा जसाच्या तसा उतरवतात, मग गाडीला फरक कळतच नाही. तुमच्या बोर्डावरची मेमरी वाचता येत असेल तर मी हाच धरीन.

प्रोग्रॅमिंग चालू असताना व्होल्टेज पडता कामा नये. मध्येच पडलं तर नवं मॉड्यूलही कायमचं आंधळं होऊ शकतं. साधा चार्जर नको, स्थिर व्होल्टेज देणारा सप्लाय लावणाराच माणूस शोधा. घरातल्या सगळ्या किल्ल्या सोबत न्या. न नेलेली किल्ली पुष्कळदा नंतर चालत नाही. आणि गॅरेजकडून अंदाज लेखी घ्या.

प्रेषक: अविनाशकाका

केदार, मैलांच्या आकड्याचं काय? जुन्या मॉड्यूलमध्ये दुसराच आकडा असला तर?

प्रेषक: केदार

काका, मुद्दा बरोबर. आकडा बीसीएममध्ये राहत असेल तर तो खऱ्या आकड्याशी जुळवूनच घ्यावा लागतो. फसवायला ओडोमीटर मागे फिरवणं हा इथे फेडरल गुन्हा आहे. क्लोनिंगमध्ये तुमचाच आकडा उतरतो, म्हणून ते बरं.

प्रेषक: मुग्धा

झालं! क्लोनिंग करून घेतलं, चौदाशेच्या निम्म्याहून कमीत. दोन्ही किल्ल्या चालतात. काकांनी येऊन रात्री सगळं बंद असतानाचा करंट मोजला, अर्ध्या तासाने ३० मिलिअँपवर स्थिरावला. फक्त ड्रायव्हरची काच एका दाबात वर जात नाही, अर्ध्यात थांबते. हेही बीसीएमच का?

प्रेषक: केदार

३० उत्तम, ५० च्या आत असलं की झालं. काचेचं बीसीएममुळे नाही, बॅटरी काढली की काचेची मोटर आपली टोकं विसरते. काच पूर्ण खाली ने, मग पूर्ण वर, आणि वर टेकल्यावर बटण काही सेकंद तसंच ओढून धर. नाही झालं तर गाडीच्या पुस्तकात पॉवर विंडोच्या पानावर नेमकी रीत असेल, ती कर. पैसे देऊ नकोस त्याचे कोणाला.