व्हॅनिला आणि बारा वर्षांचा पोरगा

निसर्गातल्या गमतीजमतींबद्दल लिहिताना, वनस्पतिशास्त्राच्या हिशोबात केळं ही बेरी (म्हणजे फुलाच्या अंडाशयापासून झालेलं गरदार फळ) आणि स्ट्रॉबेरी मात्र बेरी नाही, असं तुम्ही म्हटलंत, त्यात माझी थोडी भर. स्ट्रॉबेरीवर त्या बारीक पिवळट बिया दिसतात ना, तीच तिची खरी फळं, प्रत्येकात एकेक बी असते आणि आपण मिटक्या मारत खातो तो लाल गर म्हणजे फुलाच्या देठाचा फुगलेला शेंडा!

ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण पोहताना त्यातलं मुख्य हृदय चक्क बंद पडतं, म्हणून स्वारी शक्यतो सरपटतच जाते. वॉम्बॅट या ऑस्ट्रेलियातल्या प्राण्याच्या चौकोनी लेंड्यांबद्दल तर बोलायलाच नको, त्यावर संशोधन करणाऱ्यांना २०१९ मध्ये इग नोबेल, म्हणजे गमतीदार संशोधनाला देतात ते नोबेलचं विनोदी भावंड, मिळालंय.

पण माझ्या मते सगळ्यात भारी किस्सा व्हॅनिलाचा. वेल मूळची मेक्सिकोकडची, फ्रेंचांनी ती हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर नेऊन लावली, फुलं यायची पण शेंगा काही धरेनात, कारण फुलात परागकण आणि स्त्रीकेसर यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो आणि फूल टिकतं जेमतेम एक दिवस. मोठमोठे लोक डोकं खाजवत बसलेले आणि १८४१ मध्ये एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम पोराने बारीक काडीने तो पडदा उचलून अंगठ्याने हलकेच दाबलं, झालं काम! आजही जगभर बहुतेक व्हॅनिला असंच एकेक फूल हाताने हाताळून पिकवतात, म्हणून तर खरी व्हॅनिला एवढी महाग. एडमंड मात्र १८८० मध्ये गरिबीतच गेला, त्याला त्यातून फुटकी कवडी मिळाली नाही.