सासूबाईंचा २००९चा पीसी: तारीख विसरतो, मधेच बंद पडतो, शिट्ट्या मारतो. भंगारात काढावा का?

पर्वती_पायथा:

नमस्कार मंडळी. घरी एक असेंबल्ड डेस्कटॉप आहे, २००९ सालचा. कोअर टू ड्युओ ई७४००, जी३१ चिपसेटचं बोर्ड, २ जीबी रॅम, ३२० जीबी हार्ड डिस्क, विंडोज ७. वापरतात माझ्या सासूबाई. भजनी मंडळाचे अभंग, भिशीचा हिशोब आणि सोसायटीच्या नोटिसा (ज्यांना अख्खी बिल्डिंग घाबरते) हे सगळं त्या श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) टाइप करतात. श्रीलिपीची एक छोटी डबी मागच्या गुलाबीसर लांब पोर्टला लावलेली असते. ती काढली की श्रीलिपी चालू होत नाही.

तक्रारी अशा. रोज सकाळी तारीख १ जानेवारी २००९ दाखवतो आणि नेटवर काहीच उघडत नाही, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतो. अर्धा-पाऊण तास चालला की खटकन बंद पडतो. निळा स्क्रीन नाही, काही नाही, दिवे गेल्यासारखा. आणि पाऊस सुरू झाल्यापासून कधी कधी स्क्रीन काळाच राहतो आणि आतून लांब शिट्टी येते, थांबून थांबून. दोन-तीनदा बंद-चालू केलं की येतो ताळ्यावर.

एका दुकानातून माणूस आला, झाकण उघडून आत टॉर्च मारला, ‘बोर्ड गेलंय, नवीन घ्या’ म्हणाला आणि व्हिजिटचे चारशे घेऊन गेला. अहो म्हणतात लॅपटॉप घेऊ. सासूबाई म्हणतात, “चालतोय ना? मग?”

अजून एक, उपयोगी पडलं तर: यूपीएसची बॅटरी कधीच गेलीये. आणि वीज वाचावी म्हणून सासूबाई रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करतात.

---

सोल्डर_आणि_चहा:

ताई, निम्मं निदान तुम्ही शेवटच्या ओळीत स्वतःच लिहिलंय.

मी बुधवार पेठेत बरीच वर्षं बोर्ड दुरुस्त केली, आता घरी बसून लोकांना सल्ले देतो. तेव्हाही सांगायचो, आताही सांगतो: जुन्या मशिनच्या तीन तक्रारी म्हणजे बहुतेक वेळा तीन वेगळे आजार असतात. तिन्हींना मिळून एक मोठं नाव दिलं की ते नाव हमखास ‘मदरबोर्ड’ असतं, कारण मदरबोर्ड म्हटलं की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

तारखेपासून सुरुवात करू. बोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. भिंतीवरचं बटण चालू असेल तोवर पीसी बंद असला तरी एसएमपीएसमधून (पीसीला वीज पुरवणारा डबा) ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन बोर्डाला मिळत राहते आणि घड्याळ तिच्यावर चालतं. बटण बंद केलं की सगळा भार सेलवर. तुमचा सेल मेलाय, म्हणून घड्याळ रोज रात्री मरतं. बटण चालू ठेवणाऱ्या घरात हाच मेलेला सेल फक्त गुरुवारी, महावितरणच्या कृपेने वीज जाते तेव्हा, उघडकीला आला असता.

नेटचं दुखणं वेगळं नाही, याचीच शेपूट आहे. प्रत्येक साइटच्या सर्टिफिकेटवर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध’ असं असतं. तुमचा पीसी २००९ सालात बसलाय, त्याच्या लेखी आजचं सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही. मग तो म्हणतो सुरक्षित नाही. त्याच्या बाजूने बरोबरच आहे. आत्ता खात्री करायची असेल तर उजव्या कोपऱ्यातली तारीख हाताने बरोबर करा, ब्राउझर बंद करून परत उघडा.

नवीन सेल पन्नास रुपयांच्या आत येतो. प्लग काढा, नुसतं बटण बंद नको. सेलच्या कडेला पत्र्याची एक जीभ असते, ती नखाने बाहेर ढकलली की सेल टुणकन वर येतो. अधिक चिन्हाची, अक्षरं असलेली बाजू वर ठेवून नवीन दाबायचा. मग चालू करताना बहुतेक बोर्डांवर डिलीट बटण दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारं बोर्डाचं सेटिंग) जायचं, तारीख-वेळ भरायची आणि सेव्ह करून बाहेर.

आता शिट्टी. बीपचा अर्थ बायोसच्या कंपनीनुसार बदलतो, पण थांबून थांबून येणारी लांब शिट्टी आणि काळा स्क्रीन म्हणजे पहिला संशय रॅमवर. त्यात तुम्ही म्हणताय पावसाळा लागल्यापासून, म्हणजे संशय जवळजवळ पक्का. दमट हवेत रॅमच्या पट्टीच्या सोनेरी दातांवर पातळ थर चढतो, संपर्क नीट होत नाही. प्लग काढून, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावून (अंगावरची स्थिर वीज उतरते) रॅमची दोन्ही टोकांची पांढरी कुलपं बाहेर सारा, पट्टी सरळ वर ओढा. शाळेतला पांढरा मऊ खोडरबर घ्या, शाई खोडायचा खरखरीत नाही. दातांवरून एकाच दिशेने हलके फिरवा, दोन्ही बाजूंनी. रबर काळपट होईल आणि दात लख्ख दिसतील, इतका फरक की आपल्यालाच नवल वाटतं. रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका, कोरड्या ब्रशने झटका. फुंकर मारू नका, थुंकी उडते. बसवताना दोन्ही बाजूंनी ‘टक’ असा आवाज यायला हवा.

खटकन बंद पडणं हे तिसरं. निळा स्क्रीन न येता, ठरावीक वेळ चालून दिवे गेल्यासारखा बंद पडतो म्हणजे एक तर प्रोसेसर तापतोय नाहीतर एसएमपीएस दमलाय. मशिन गरम असतानाच, बंद पडल्याबरोबर परत चालू करून बायोसमध्ये जा. तिथे ‘पीसी हेल्थ’ किंवा ‘हार्डवेअर मॉनिटर’ अशा नावाचं पान असतं. प्रोसेसरचं तापमान ८०-९०च्या घरात दिसलं तर उष्णता. आणि १२ व्होल्टच्या ओळीत ११.४च्या खाली आकडा दिसला तर एसएमपीएसवर संशय घ्या. मल्टिमीटर असेल तर पिवळ्या वायरवर मोजून खात्री करता येते, बायोसचा आकडा थोडा इकडेतिकडे असतो. एसएमपीएस उघडायचा मात्र नाही, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहिलेले असू शकतात. तो बदलायचा असतो, दुरुस्त करायचा नसतो. (मी करायचो. तुम्ही करू नका.)

उष्णता निघाली तर पंखा सोडवून बघा. तुमच्या प्रोसेसरचा पंखा चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर असतो. खुंटीचं डोकं बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढलं की सुटते. पंखा आणि अॅल्युमिनियमच्या पात्यांच्या मधे करड्या धुळीची नमद्यासारखी गादी निघेल, पुण्यात ती निघतेच, सध्या कुठल्या ना कुठल्या रस्त्याचं काम चालूच असतं. खालची जुनी पेस्ट वाळून खडू झालेली असेल. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवीन पेस्ट तुरीच्या दाण्याएवढीच लावा, जास्त लावून जास्त गार होत नाही. बसवताना खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यात, तिरक्या क्रमाने दाबा. चारातली एक जरी अर्धवट राहिली तरी पंखा एका बाजूने उचलला जातो आणि तापमान होतं तिथेच. दाबून झाल्यावर बोर्डाच्या मागच्या बाजूने डोकावता आलं तर काळ्या खुंटीने पांढरे पाय फाकवलेत का ते बघा.

झाकण उघडलंच आहे तर प्रोसेसरभोवतीचे उभे गोल कॅपॅसिटरही बघून घ्या. माथा सपाट हवा. फुगलेला किंवा तपकिरी चिकट काही आलेलं असेल तर तो दुकानदार निम्मा खरा. २००२ ते २००५च्या सुमाराच्या बोर्डांना हा रोग फार होता, आमची पोटं त्यावरच भरली. २००९च्या बोर्डात शक्यता कमी.

हे सगळं लिहून झाल्यावर सांगतोय, पण करायचं सगळ्यात आधी: सासूबाईंच्या फायली पेन ड्राइव्हवर घ्या. सोळा-सतरा वर्षांची डिस्क आहे आणि वर दर गुरुवारी दिवे जाताना तिला धक्का बसतोय. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो ‘कॉशन’ म्हणाला आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ समोर शून्य सोडून काही दिसलं, तर चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) चालवायच्या फंदात पडू नका. मरायला टेकलेल्या डिस्कला पळवण्यात अर्थ नाही, आधी डेटा काढायचा.

---

वारजे_लिनक्स:

एवढं करण्यापेक्षा विंडोजऐवजी लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. २ जीबीत चालते, ४ केली तर उत्तम. विंडोज ७चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. त्यावर बँकेचं काम म्हणजे आ बैल मुझे मार. आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघा, डिस्कला हातही लागत नाही.

---

भाचा_आयटीत:

विंडोज ११ पण टाकता येतं, त्याची हार्डवेअरची तपासणी बायपास करून. मी एका जुन्या मशिनवर केलंय.

---

सोल्डर_आणि_चहा:

@भाचा, ह्या मशिनवर नाही. ११च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी ही आज्ञा (इन्स्ट्रक्शन) लागते, ती कोअर टू ड्युओत नाही. बायपास करून काय होणार, बूटच होत नाही.

@वारजे, लिनक्सला माझा विरोध नाही, माझ्या स्वतःच्या घरी तेच आहे. पण त्या डबीचं काय करणार? सासूबाईंचं सगळं काम श्रीलिपीत आणि श्रीलिपी त्या पॅरलल पोर्टच्या (मागचा लांब पोर्ट) लॉकवर, म्हणजे डबीवर. लॅपटॉपला हा पोर्ट नसतो, आणि यूएसबीवरून पॅरलल पोर्ट देणारी जी वायर मिळते ती प्रिंटरसाठी ठीक, अशा लॉकला बहुधा चालत नाही. म्हणून मशिन टिकवायचं. नेटची वायर काढा, टायपिंगपुरतं ठेवा, बँकेचं काम फोनवर.

रॅम वाढवायची असेल तर डीडीआर२च घ्या, या चिपसेटला ४ जीबीच्या वर दिसत नाही. डीडीआर३लाही २४० पिनाच असतात, पण खाच वेगळ्या जागी असते, जोर लावून बसवू नका. लोकांनी बसवलेल्या पाहिल्यात.

---

एबीसी_डीटीपी:

अप्पा बळवंत चौकात टायपिंगचं काम करते, म्हणून श्रीलिपीबद्दल थोडं.

फायली कॉपी करताना विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधले ‘श्री-देव’ नावाने सुरू होणारे फाँटही सोबत घ्या. ते नसले तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर तीच फाइल उघडल्यावर अभंगाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते आणि लोक घाबरतात की फाइल गेली. फाइल ठीक असते, फाँट नसतो. महत्त्वाच्या फायलींची पीडीएफ करून ठेवा, ती कुठेही उघडते.

युनिकोडमध्ये (फोनवर, नेटवर चालणारी आजची पद्धत) बदलायला कन्व्हर्टर मिळतात, पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जुन्या फाँटमध्ये अक्षरं जशी दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट. त्यामुळे कन्व्हर्टर चुकतो तो तिथेच. ‘विठ्ठल’, ‘कीर्तन’, ‘पंढरीनिवासी’ असे शब्द शोधून बघा. हे बरोबर आले तर बाकीचं बहुतेक बरोबर. अभंगाच्या फायलीत ‘विठ्ठल’ शोधायला लागू नये म्हणा, प्रत्येक ओळीत असेल.

---

पर्वती_पायथा:

सगळ्यांचे आभार! सेल बदलला, तारीख टिकली, नेट चालू. रॅमला खोडरबर मारला, शिट्टी बंद. रबर खरंच काळं झालं. तापमान ९१ निघालं, पंख्याखाली काकांनी सांगितलेली गादी होती, शिवाय एक खुंटी अर्धी वर. पेस्ट लावल्यावर ५४ वर आलं. सासूबाईंनी काल सलग तीन तास टायपिंग केलं. सोसायटीत नवीन नोटीस लागली आहे, पार्किंगबद्दल.

डिस्क ‘कॉशन’च दाखवते आहे, पण फायली आणि फाँट दोन पेन ड्राइव्हवर घेतलेत.

आता नवीनच भानगड. काल रात्री अहोंनी बायोसमध्ये जाऊन ‘न वापरलेल्या गोष्टी’ बंद केल्या, मशिन लवकर चालू व्हावं म्हणून. आज सकाळपासून श्रीलिपी म्हणते लॉक सापडत नाही. डबी जागेवर आहे, घट्ट आहे.

---

सोल्डर_आणि_चहा:

बायोसमध्ये ‘इंटिग्रेटेड पेरिफेरल्स’ असं पान असेल. त्यात ‘ऑनबोर्ड पॅरलल पोर्ट’ समोर ‘डिसेबल्ड’ दिसेल, ते ‘३७८/आयआरक्यू७’ करा. एफ१० दाबून सेव्ह. तरी लॉक दिसलं नाही तर त्याच्या खालच्या ओळीतला मोड एसपीपीचा ईपीपी करून बघा.

त्याच पानावर ‘साटा मोड’ किंवा तशा नावाचं काही दिसलं तर त्याला हात लावू नका, तो बदलला तर विंडोज ७ चालू होतानाच निळा स्क्रीन देऊ शकतं. अहोंनी तोही बदलला असता तर तुम्ही इथे वेगळाच प्रश्न घेऊन आला असतात.

डिस्कचं म्हणाल तर २५० जीबीची साटा एसएसडी घ्या. या बोर्डावर तिचा पूर्ण वेग निघणार नाही, त्यात जुनी, कमी वेगाची ‘साटा-२’ जोडणी आहे, पण जुन्या डिस्कपुढे फरक लगेच कळेल. श्रीलिपी नव्याने टाकायची सीडी घरात आहे का ते आधी शोधा. नसेल तर नवीन विंडोज टाकू नका, क्लोन करावं लागेल, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवायची. तसं असेल तर इथेच लिहा, सांगतो.